पवित्रा आणि पंचनामा

आमच्या बेंबळीत आत्मसंरक्षणाच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला आठवडा सर्वस्वी सलामीत खर्ची पडला, आणि ज्यांना आपल्या देशी युद्धकलांची परंपरा ठाऊक आहे त्यांना यात आश्चर्य वाटण्याचे काही कारण नाही. काठी बगलेत दाबून धरावयाची, डावे पाऊल मागे घ्यावयाचे, गुडघा वाकवून भूमीस स्पर्श करावयाचा, तो हात कपाळी व मग छातीशी न्यावयाचा, नंतर मारुतीच्या देवळाकडे, नंतर वस्तादांकडे, नंतर क्रमाने चारी दिशांकडे वळून मान लववावयाची, आणि एवढे सगळे यथासांग उरकल्यावर ज्याच्या डोक्यात आपण काठी घालणार आहोत त्याच्यासमोर उभे राहून त्यालाही तितक्याच आदराने वंदन करावयाचे, असा तो विधी. सातवीतल्या एका मुलाने, ज्याच्या विहिरीवरची मोटार मागच्याच पावसाळ्यात चोरीस गेली होती, हात वर करून विचारले, "वस्ताद, तोवर चोर थांबल का?"

वस्तादांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "थांबत नसला तर तसल्या चोराशी आपल्याला खेळायचंच न्हाई."

या उत्तरावर मुले हसली. मी हसलो नाही, कारण त्या एका वाक्यात आमच्या मर्दानी खेळांचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले आहे असे मला वाटले. वस्तादांचे वय साठीच्या पुढे गेलेले. अंगात बंडी, डोक्यास फेटा, आणि हातात पितळी शेंब्यांची, तेल पिऊन काळसर झालेली वेळूची काठी. ती काठी त्यांच्या हातात फिरू लागली म्हणजे काठी दिसत नाही, केवळ तिचा आवाज ऐकू येतो, आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत हा आवाज ऐकून गर्दी जितक्या त्वरेने मागे सरते तितक्या त्वरेने ती पोलिसांच्या शिट्टीनेही सरत नाही. शीर, तमाचा, बाहेरा ही त्यांच्या घावांची नावे. शीर मस्तकावर, तमाचा एका बाजूने गालाच्या रोखाने, बाहेरा त्याच्या उलट अंगाने. यातील प्रत्येक घावाला त्याचा ठरलेला रोख आहे, आणि शिकणाऱ्याच्या सोयीसाठी घाव घालणाराने घाव घालण्यापूर्वी त्याचे नाव मोठ्याने उच्चारावे असा दंडक आहे. "शीर!" असे ओरडून काठी उचलली की समोरचा आपली काठी डोक्यावर आडवी धरतो, खट्ट असा आवाज होतो, दोघेही समाधान पावतात. वर्गातील मुलामुलींचे हे खटखट चाललेले पाहून पालकांची खात्री पटली की आता गावातील गुंडगिरीचा बीमोड व्हावयास फारसा अवकाश नाही. गुंडाने घावाचे नाव आधी सांगावे, एवढी एकच अट पाळली जाणे बाकी होते.

काठीचे असे, तर दांडपट्ट्याचे काय विचारता! शासनाने २०२४ साली या शस्त्रास राज्यशस्त्राचा मान दिला, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्यांनी पट्टा हातात घालून पाहिला आहे त्यांना हा मान देताना शासनाच्या मनात आत्मसंरक्षणाचा विचार नसावा हे सहज पटेल. खोबळा नावाची त्याची पोलादी मूठ कोपरापर्यंतचा हात गिळून टाकते. तिच्यापुढे तीनचार फुटांचे दुधारी, लवलवते पाते. मनगट खोबळ्यात अडकून पडल्यामुळे वळविण्याची सोय राहत नाही. सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो, आणि म्हणून पट्टेकरी सतत गरगर फिरत असतो. अनेकांनी घेरलेल्या एकट्या वीराने चहूकडून वाट मोकळी करावी याकरिता ती विद्या निर्माण झाली, आणि त्या कामी तिला तोड नाही. मात्र बेंबळीच्या गल्ल्यांची रुंदी लक्षात घेता पट्टेकऱ्याने गल्लीत एक फेरा पुरा केला तर दोन बाजूंच्या दोन पन्हाळी, एक वीजमीटर आणि वाळत घातलेले एक लुगडे यांचा निकाल लागल्यावाचून राहणार नाही, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो चोर एव्हाना पलीकडच्या आळीत जाऊन निवांत झोपलेला असेल.

मिरवणुकीत वस्ताद पट्ट्याने लिंबू कापतात. लिंबू त्यांच्या भाच्याच्या तळहातावर असते. प्रेक्षकांची दृष्टी पट्ट्यावर खिळलेली असते. मी मात्र दर वर्षी भाच्याच्या मुखाकडे पाहतो. ते मुख वर्षानुवर्षे अधिकाधिक धार्मिक होत चालले आहे.

आता मनुष्यावर प्रत्यक्ष हल्ला कसा होतो, हे बेंबळीच्याच अनुभवावरून पाहू. आमच्या जिल्ह्याचे नाव शासनाने बदलले तरी आमच्या शेळीचे नाव बदललेले नाही. उस्मानाबादी शेळी ही देशभर नावाजलेली जात आहे, आणि तिचा बोकड मागून येतो. तो सलामी करीत नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यावयास गेलेल्या शेतकऱ्यापुढे ज्वारीतून रानडुक्कर निघते, ते चारी दिशांना वंदन करून निघत नाही. एस.टी.च्या दारात खिसा कापणारा इसम घावाचे नाव उच्चारीत नाही, आणि त्या दारात काठी फिरवण्यास जागा तर नसतेच, उलट काठी घेऊन चढलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याला वाहकाने तिचे वेगळे तिकीट काढावयास लावण्याचा विचार बोलून दाखवला होता. त्या विद्यार्थ्याने काठी आडवी धरून आपली बाजू मांडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिच्या दोन टोकांनी दोन निरपराध प्रवासी जायबंदी झाले. आत्मसंरक्षणाच्या वर्गात शिकलेल्या विद्येचे पहिले प्रत्यक्ष फळ ते हेच.

या विद्येमागे ग्रंथसंभार नाही असे मात्र कोणी समजू नये. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे खंड काढावयास आरंभ केला आणि ते दहापर्यंत नेले. त्याच बडोद्यास जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्यान्‌पिढ्यांस लाठी, लेझीम, मलखांब शिकविला. माणिकराव मोडलेली हाडे बसविण्यातही तितकेच विख्यात होते. मला या संयोगात आपल्या परंपरेची मोठी व्यवहारदृष्टी दिसते: ज्या छपराखाली हाड मोडण्याची विद्या त्याच छपराखाली ते सांधण्याची विद्या, म्हणजे विद्यार्थ्याला हेलपाटे नकोत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला गेले आणि त्यांनी तेथे आपले देशी खेळ करून दाखविले. जर्मन प्रेक्षकांनी त्यांचे कौतुक केले असे सांगतात. परंतु सलामीचा भाग त्यांनी नीट मनावर घेतला नसावा, कारण पुढे तीनच वर्षांनी पोलंडात शिरताना त्यांनी ती केली नाही.

असे असता, ही विद्या निरुपयोगी आहे असे मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. ती विद्या ज्यांनी खरोखर वापरली त्यांनी ती कशी वापरली हे आपण पाहत नाही, आणि पाहिले तरी वर्गात शिकवीत नाही, एवढेच माझे गाऱ्हाणे आहे. अफझलखानाची स्वारी आमच्या तुळजापुरावरून गेली असे बखरी सांगतात, म्हणजे त्या प्रकरणाशी आमच्या मुलखाचा संबंध आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले त्यातील वाघनख तेवढे आमच्या शाळकरी पोराला पाठ आहे. पण त्या दिवसाची खरी विद्या वाघनखाच्या आधी संपली होती. भेटीची जागा कोणती, तर आपल्या गडाखालची, आपण निवडलेली. सोबत माणसे किती, याचा करार आधी झालेला. अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली शिरस्त्राण. जावळीच्या रानात फौज दडवून ठेवलेली, तोफेची खूण ठरवलेली. एवढी सिद्धता झाल्यावर जो क्षणाचा झगडा उरला त्यातही सय्यद बंडाचा पट्टा उगारला गेला तेव्हा महाराजांच्या हातचा कोणता डाव कामास आला? कोणताच नाही, कामास आला तो जिवा महाला. होता जिवा म्हणून वाचला शिवा, असे लोक तीनशे वर्षे म्हणत आले, आणि तरीही आत्मसंरक्षणाच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी 'एकटे जाऊ नका, आणि न्यालच तर जिवा महालासारखा माणूस न्या' एवढा सोपा पाठ दिला जात नाही. तो दिला तर दुसऱ्या दिवशी वर्गाला कोण येणार, ही अडचण मी समजू शकतो.

वस्तादांपाशी मी हा विषय काढला. ते म्हणाले, "ते खरंय. पण मिरवणुकीत काय दाखवायचं मग? चिलखत?"

कुस्तीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तालमीतला जोडीदार घावाचे नाव सांगत नाही आणि आपल्या सोयीने पडतही नाही. तुम्ही ढाक लावावयास गेलात की तो तुमचाच पट काढतो, आणि तुमच्या नाकातोंडात लाल माती जाते. रोज पहाटे कोणीतरी तुम्हाला मनापासून पाडण्याचा यत्न करतो, यातच त्या विद्येचे सामर्थ्य आहे. जपानात जिगोरो कानो नावाच्या पंडिताने १८८२ साली ज्युदोची शाळा काढली तेव्हा त्याने हेच केले: जुन्या जुजुत्सूतील जीवघेणे डाव सरावातून बाजूस ठेवले, का, तर उरलेले डाव शिष्यांनी एकमेकांवर पूर्ण बळाने घालता यावेत, आणि मग असे निघाले की ज्यांना केवळ प्राणघातक डाव ठाऊक होते आणि ते त्यांनी कधी कोणावर घातले नव्हते त्यांच्यापेक्षा, ज्यांना निरुपद्रवी डाव ठाऊक होते आणि ते रोज घालून पाहिले होते, ते भारी. आमच्या पैलवानांना हे जपानातून कळण्याची गरज नव्हती. शिवाय पैलवानाला एक संरक्षण असे लाभते की त्याकरिता त्याला काहीच करावे लागत नाही: मातीत वर्षे काढून त्याचे कान चुरगळलेले असतात, आणि तसले कान दिसले की एस.टी.तला मनुष्य आपण होऊन खिडकीकडची जागा देतो.

परंतु या सर्वांहून वरचढ अशी विद्या आमच्या गावात एकाच व्यक्तीपाशी आहे, आणि तिने काठी धरली ती केवळ चालताना टेकण्यासाठी. ही आजी वयाच्या पंचाहत्तरीत एकटी शेत पाहते. अंधार पडता रानातून परतताना ती काठी दर पावलाला जमिनीवर आपटते. सर्पाला जमिनीची थरथर कळते आणि तो वाटेतून दूर होतो, त्यामुळे सर्पाशी झुंजण्याचा प्रसंगच तिच्यावर येत नाही. कुत्र्याकडे ती पाठ फिरवीत नाही आणि त्याच्या डोळ्यांत रोखूनही पाहत नाही. बोकडाच्या आणि स्वतःच्या मध्ये ती नेहमी एखादी बाज, खांब अथवा नातसून ठेवते. माणसांविषयीचे तिचे तंत्र मी स्वतः पाहिले आहे. बाजाराच्या दिवशी दोन परगावचे तरुण झिंगलेल्या अवस्थेत तिच्या वाटेत आडवे झाले, एकाने तिच्या पिशवीला हात घातला. आजीने पिशवी सोडली नाही, ओरडलीही नाही. तिने हातभर अंतर ठेवले, त्याच्या मुखाकडे डोळे बारीक करून पाहिले आणि विचारले, "कुणाचा रं तू लेकरा?"

तो मुलगा घुटमळला. सवयीने त्याच्या तोंडून बापाचे नाव निघाले. मग आजीने आज्याचे नाव विचारले, गाव विचारले, आईचे माहेर विचारले, आणि चौथ्या प्रश्नाला असे निष्पन्न झाले की त्याची आत्या आजीच्या भाचसुनेची जाऊ. पाचव्या प्रश्नाच्या आत त्याने पिशवी स्वतः उचलून तिच्या घरापर्यंत पोचवली होती. अंतर, नजर, दम आणि योग्य वेळ, ही जी चार तत्त्वे वस्ताद वर्गात खडूने फळ्यावर लिहून देतात, ती चारही त्या दोन मिनिटांत अंमलात आली, आणि कोठे टाकाही पडला नाही.

उलट टाके पडले ते वर्गातल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याच्या हातून. हा तरुण तीस वर्षांचा. त्याचे व त्याच्या चुलतभावाचे शेत शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. बांध कोरण्याचा धंदा आमच्याकडे वंशपरंपरेने चालतो. दर पेरणीला नांगराचे एखादे तास बांधाला लागते, बांध बोटभर सरकतो, आणि दोन पिढ्यांत शेताचा नकाशा बदलतो. सोयाबीनच्या पेरणीला भावाने असाच बांध कोरल्याचे दिसताच आमचा विद्यार्थी काठी घेऊन बांधावर गेला. पुढे काय झाले याविषयी दोन जबान्या आहेत, पण एका बाबीवर दोन्ही पक्षांचे मतैक्य आहे: विद्यार्थ्याने डावे पाऊल मागे घेतले, गुडघा वाकवला, आणि भूमीस स्पर्श करण्यासाठी तो खाली वाकला असता भावाने त्याच्या खांद्यात रुमणे घातले.

त्यावर विद्यार्थ्याने "शीर!" अशी गर्जना करून शीर घातला. भावाचे शिक्षण झालेले नसल्यामुळे डोक्यावर काही आडवे धरावे हे त्यास सुचले नाही.

दोघेही ठाण्यात आले. बेंबळीला पोलीस ठाणे आहे, ही गावाच्या मानमरातबाची गोष्ट. परंतु आत्मसंरक्षणाच्या दृष्टीने ते किती अडचणीचे आहे हे त्या दिवशी मला प्रथम उमगले. जुन्या दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांनी, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी, स्वतःचे शरीर व मालमत्ता राखण्याचा हक्क प्रत्येकास दिलेला आहे. मात्र त्यास दोन मुख्य मर्यादा आहेत. बचावापुरतीच इजा करावी, अधिक करू नये, ही एक; आणि सरकारी अंमलदाराकडे धाव घेण्यास अवधी असेल तर हा हक्क पोचत नाही, ही दुसरी. जमादारांनी हीच दुसरी मर्यादा काढली. "रुमणं पडायच्या आधी ठाण्यात यायला सवड होती का न्हाई?" विद्यार्थी निरुत्तर झाला. ज्या गावापासून ठाणे आठ कोसांवर त्या गावच्या मनुष्याने सुखेनैव आपला बचाव करावा. ठाण्याच्या गावी राहणाराने आपला बचाव करावा तो कोठे जाऊन?

परस्परविरोधी फिर्यादी दाखल झाल्या. पंचनाम्यात काठीचे वर्णन आले: वेळूची, लांबी अंदाजे साडेपाच फूट, दोन्ही टोकांस पितळी शेंब्या. ती वस्तादांची होती, त्यांनी विद्यार्थ्याला गुणवत्तेबद्दल वापरावयास दिलेली. ती मुद्देमालात जमा झाली. वस्तादांना जबाबासाठी बोलावले. घाव चुकून लागला, काठी हातातून निसटली, असे काही त्यांनी सांगावे अशी आरोपीच्या वडिलांची अपेक्षा होती, आणि तशी खूणही त्यांनी केली. वस्ताद म्हणाले, "निसटली कशानं? शीरच हाणलाय त्यानं. पण पाय बघा कुठं पडलाय ते. असला पवित्रा मी शिकवलेला न्हाई, हे लिहून घ्या साहेब."

ते लिहून घेण्यात आले.

पुढे गावकऱ्यांनी मध्यस्थी केली आणि बांधाची सरकारी मोजणी करावी असे ठरले. अर्ज गेला, फी भरली, तारीख आली. मोजणीच्या दिवशी दोन्ही भावांनी आपापली माणसे आणली. वस्ताद रिकाम्या हाताने आले, आणि काठी नसल्यामुळे हात कोठे ठेवावे हे त्यांना शेवटपर्यंत सुचले नाही. वर्गातील मुले तुराट्या घेऊन हजर होती, कारण काठ्यांना पालकांनी कुलूप लावले होते. मोजणी दुपारपर्यंत चालली. खुणा रोवल्या गेल्या तेव्हा असे दिसून आले की दोन भावांमधला बांध बहुतेक जागच्या जागी आहे. कमी झालेली जमीन दोघांच्याही शेतांच्या खालच्या अंगाला आहे, आणि ती चांगली चारसहा गुंठे, जेथे त्या आजीच्या शेताची हद्द लागते. कित्येक वर्षे हळूहळू, एकेक तास, कोणालाही काठी न दाखवता, तिने तो बांध वर आणला होता.

दोन्ही भाऊ प्रथमच एका बाजूला उभे राहिले आणि तिच्याकडे वळले. आजीने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. ती काठी टेकीत मोजणी करणाऱ्या अंमलदाराजवळ गेली, हातभर अंतरावर थांबली, डोळे बारीक करून त्याच्या मुखाकडे पाहू लागली आणि म्हणाली, "उन्हात लई दमलास बाबा. कुणाचा रं तू?"